पुण्यात पहिला डेस्कटॉप घेताना: स्वस्त तयार पीसी की भाग निवडून जोडलेला?

‘आय५, ८ जीबी रॅम, २५६ एसएसडी, १९ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, विंडोज टाकून, सगळं मिळून चौदा हजार.’ अशा कोटेशनमध्ये बहुतेक वेळा खोटं काही लिहिलेलं नसतं. पैसे वाचवलेले असतात ते न लिहिलेल्या गोष्टींत. आय५ कोणत्या सालचा? बोर्ड (मदरबोर्ड) कोणता? एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग) कोणाचा? विंडोज आली कुठून? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की तयार घ्यायचा की जोडून, हा निर्णय निम्मा तिथेच होतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. दुकानात ‘सीपीयू केवढ्याला?’ विचारलंत तर डब्याचाच भाव सांगतील. इथे डबा म्हणजे कॅबिनेट आणि आतली मुख्य चिप म्हणजे प्रोसेसर. आणि भाव इथे मुद्दाम दिलेले नाहीत. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी इतक्या महागल्या, की महिन्यापूर्वीचं कोटेशनही रद्दी समजावं. ज्या दिवशी घ्यायचं त्याच दिवशी भाव विचारा.

१. आधी काम ठरवा

टायपिंग, टॅली, मुलांचे ऑनलाइन क्लास, सोसायटीचे हिशोब, यूट्यूब. एवढंच काम असेल तर नवा पीसी जोडूही नका आणि स्वस्तातला ‘नवा’ तयारही घेऊ नका. कंपनीतून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप घ्या. त्याबद्दल पुढे क्रमांक ३ मध्ये.

प्रोग्रॅमिंग, अँड्रॉइड स्टुडिओ, थोडं फोटोंचं काम, थोडं ऑटोकॅड, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा नेहमीचा संसार. त्यासाठी चांगला अंगभूत (प्रोसेसरमध्येच असलेला) ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५०० जीबी किंवा १ टीबी एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी. इथे भाग निवडून जोडणं सर्वांत फायद्याचं. ग्राफिक कार्डाचे पैसे वाचतात आणि ते पुढे कधीही टाकता येतं.

गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी असेल तर ग्राफिक कार्ड आलंच. बजेट कमी पडत असेल तर कार्ड सहा महिन्यांनी घ्या, पण एसएमपीएस आणि कॅबिनेट पहिल्याच दिवशी त्या कार्डाचा विचार करून घ्या. उलट केलंत, म्हणजे कार्ड आज आणि एसएमपीएस ‘नंतर बघू’, तर पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही बघावे लागतात.

२. स्वस्त कोटेशन असं वाचा

प्रोसेसर. ‘आय५’ हे आडनाव आहे, नाव नव्हे. पूर्ण क्रमांक मागा. आय५-३४७० मधला पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. आय५-१२४०० मध्ये पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दहा वर्षांचा फरक आणि दोघांवर अक्षरं तीच. बाराव्या पिढीचा साधा आय३-१२१०० सुद्धा तिसऱ्या पिढीच्या आय५ ला सहज मागे टाकतो. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. एएमडीचं पाहिलं तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा पीसी आज घेतलात, तर तो पहिल्या दिवसापासून मुदत संपलेला.

बोर्ड. कोटेशनमध्ये ‘एच६१ मदरबोर्ड, नवीन, १ वर्ष वॉरंटी’ असं दिसलं तर समजून घ्या: एच६१ हा चिपसेट (बोर्डाचं नियंत्रण करणारी चिप) २०११ चा. बोर्ड खरंच नवा छापलेला असतो, पण त्यावर बसणारा प्रोसेसर कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेला असतो. त्यावर रॅम डीडीआर३ आणि कमाल १६ जीबी. साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) वेगही फक्त ३ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ५५० एमबी देऊ शकणारी साटा एसएसडी तिथे निम्म्यावर येते. अशा मशीनमध्ये पुढे वाढवण्यासारखं काहीच उरत नाही.

ग्राफिक कार्ड. ‘४ जीबी ग्राफिक कार्ड, गेमिंग पीसी’ असं लिहिलं असेल तर चिपचं नाव विचारा. जीटी ७३० असेल तर ते २०१४ चं कार्ड आहे आणि रायझन ५ ५६००जी च्या अंगभूत ग्राफिक्सपेक्षा कमकुवत आहे. कार्डावरची मेमरी म्हणजे कार्डाची ताकद नव्हे. बाजारात नाव बदललेली कार्डंही फिरतात: आत जुनी चिप, बायोसमध्ये (आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) फेरफार करून नाव नव्या मॉडेलचं. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डं पकडतं आणि नावापुढे ‘फेक’ दाखवतं. दुकानातच चालवून बघा.

एसएमपीएस. सगळ्यात जास्त काटकसर इथे होते, कारण गिऱ्हाईक तो पाहतच नाही. कॅबिनेटसोबत ‘४५० वॉट’ फुकट आला असेल तर स्टिकरवर ‘४५०’ कडे न बघता +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे खरी ताकद तेवढीच. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास असतात. वजनही बरंच सांगतं. हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका लागला, तर आतले फिल्टर आणि कॅपॅसिटर वाचवलेले आहेत. असा एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, बोर्ड सोबत नेतो.

विंडोज. ‘ओरिजिनल विंडोज’ म्हणाले तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि तिथे ॲक्टिव्हेशन उघडा. तिथे डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झाल्याचं दिसलं तर ठीक. ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं आणि तुमची कुठलीच संस्था नसेल, तर ती क्लृप्ती आहे. ती टाकण्यासाठी बरेचदा अँटिव्हायरस बंद केलेला असतो. त्या मशीनवर नेट बँकिंग करू नका.

३. कंपनीतून निघालेला डेस्कटॉप

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागातल्या कंपन्या ठरावीक वर्षांनी मशीन बदलतात आणि ती रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. यातला बोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट एकाच कंपनीने एकमेकांसाठी बनवलेले असतात. विंडोजचं लायसन्सही बहुधा बोर्डाच्या बायोसमध्येच असतं. हलक्या कामासाठी चौदा हजारांच्या ‘नव्या’पेक्षा हा जुना डबा केव्हाही उजवा.

घेताना एवढं तपासा:

प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आय५-८५००, आय५-९५०० असे क्रमांक चालतील. आय५-७५०० नको, एका पिढीने विंडोज ११ हुकतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून डिस्कचे ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. हार्ड डिस्क असेल तर तीस हजार तासांवरची नको. एसएसडी असेल तर आरोग्याची टक्केवारी बघा. डिस्क नवीनच टाकून घ्यावी हे उत्तम.

बायोसला पासवर्ड आहे का ते बघा. आधीच्या कंपनीने लावलेला पासवर्ड राहून गेला असेल तर काढणं डोकेदुखी.

मॉनिटरची केबल: मागे अनेकदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय नसतो. वायफाय तर बहुतेक वेळा नसतंच.

या मशीनची एक अडचण माहीत असू द्या. छोट्या आकाराच्या डब्यात एसएमपीएस आणि त्याचे कनेक्टर बरेचदा त्या कंपनीचेच, बाजारातला बसत नाही. ग्राफिक कार्डही फक्त बुटकं आणि स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर चालणारंच लागतं. ‘पुढे गेमिंगला वापरू’ हा विचार मनात असेल तर हे घेऊ नका.

४. भागांची यादी जुळवणं

यादी याच क्रमाने करा: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. कॅबिनेट शेवटी. नवखे लोक उलटं करतात. रंगीत दिव्यांचा काचेचा डबा आधी आवडतो आणि उरलेल्या पैशांत प्रोसेसर बसवला जातो.

प्रोसेसरच्या क्रमांकातलं शेवटचं अक्षर नीट बघा. इंटेलमध्ये ‘एफ’ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या एएम४ मालिकेत उलट: ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. एएम५ वरच्या रायझन ५ ७६०० मध्ये कामचलाऊ ग्राफिक्स आहे. ‘ट्रे’ (खोक्याशिवाय सुटा) प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात पंखा नसतो आणि उत्पादकाची बॉक्सवाली तीन वर्षांची वॉरंटीही नसते. बॉक्सच घ्या.

बोर्ड सॉकेटप्रमाणे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती खोबण). बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या इंटेलला एलजीए १७००, रायझन ५००० ला एएम४, ७००० आणि ८००० ला एएम५. इंटेलच्या या सॉकेटवर डीडीआर४ चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असतात, चुकीची बसत नाही. एएम५ ला फक्त डीडीआर५. जुन्या बॅचचा बी४५० बोर्ड आणि ५६००जी, किंवा जुना एच६१० आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर, असा जोड असेल तर बायोस अपडेट लागू शकतं. ते दुकानदाराकडूनच करून घ्या, घरी दुसरा प्रोसेसर कुठून आणणार? वायफाय हवं असेल तर ‘वायफाय’वालाच बोर्ड मागा. पुढे रॅम वाढवायची असेल तर चार स्लॉटचा. स्वस्त एच६१० आणि ए५२० बोर्डांवर बहुतेक दोनच असतात.

रॅम एक १६ जीबीची पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या. अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. ५६००जी वर गेम खेळताना हा फरक डोळ्यांना दिसतो.

एसएसडी घेताना ‘एम.२’ एवढं म्हणून थांबू नका. एम.२ हा आकार आहे. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. साटा ५५० एमबीवर थांबते, पीसीआयई ३ ची एनव्हीएमई ३५०० च्या आसपास जाते. रोजच्या कामात हा फरक आकड्यांइतका जाणवत नाही, हे खरं. पण किमतीत फार अंतर नसेल तर एनव्हीएमई घ्या.

एसएमपीएसचं गणित सोपं आहे. आय५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॉट खातो. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉट किंवा आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉट. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ५० धरा. बेरीज ३०० च्या आसपास. ग्राफिक कार्डं क्षणभर याहून जास्तही ओढतात, म्हणून ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ, नामांकित कंपनीचा आणि शक्यतो पाच वर्षं वॉरंटीचा. कार्ड कधीच घालायचं नसेल तर चांगल्या कंपनीचा ४५० पुरे. ब्राँझची चिठ्ठी कार्यक्षमतेची असते, दर्जाची पूर्ण हमी नव्हे, पण नसण्यापेक्षा असलेली बरी.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा असावा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी खोलीच तापलेली असते. समोर बंद काच असलेल्या डब्यात पंखे नुसते फिरतात, हवा आत येत नाही. एक पंखा पुढून आत, एक मागून बाहेर, एवढं पुरेसं आहे. ग्राफिक कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी ताडून बघा.

५. खरेदी आणि बिल

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखी एकाला एक लागून संगणकाची दुकानं पुण्यात नाहीत. ती पेठांमध्ये, टिळक रोडच्या आसपास, कॅम्पात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये विखुरलेली आहेत. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली मुळात इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक मालाची. एक्स्टेन्शन बोर्ड, टेस्टर, केबल टाय, थर्मल पेस्ट तिथून आणा. तिकडे गाडी नेऊन पार्किंग शोधण्यापेक्षा मेट्रोने मंडई किंवा कसबा पेठ स्थानकावर उतरा. गणपतीच्या दहा दिवसांत तर जाऊच नका. इतर दिवशीही निघण्यापूर्वी फोन करा, दुपारी एक ते चारची थट्टा सगळीकडे खरी नसली तरी सगळीकडे खोटीही नाही.

किमान तीन दुकानांतून तीच यादी, त्याच मॉडेल क्रमांकांसह, लेखी मागा. ‘त्याच्याऐवजी हे घ्या, सेम आहे’ असं कोणी म्हणालं, तर मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि घरी येऊन बघा. ऑनलाइन भावही ताडा, पण बोर्ड आणि एसएमपीएस जवळच्या दुकानातून घेतलेले बरे. बिघाड निघाला तर दुचाकीवर टाकून परत नेता येतात.

घ्यायच्या आणि नंतर जपून ठेवायच्या गोष्टी:

– जीएसटीचं पक्कं बिल. दर १८ टक्के. महाराष्ट्रातल्या दुकानाचं बिल ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असं दाखवतं. दुकानाचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो शोधून दुकानाचं नाव जुळतं का बघता येतं.
– बिलावर प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सीरियल क्रमांक. ‘असेंबल्ड कॉम्प्युटर – १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. वॉरंटीच्या वेळी एसएमपीएस त्यांच्याकडूनच घेतला हे सिद्ध करता येत नाही.
– सगळे खोके, किमान वॉरंटी संपेपर्यंत. बोर्डाच्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकणही.
– तुमचा व्यवसाय असेल तर स्वतःच्या जीएसटी क्रमांकावर बिल. भरलेल्या कराची वजावट मिळू शकते.

‘बिल नको असेल तर १८ टक्के कमी’ असं ऐकू येईल. ते कमी झालेले पैसे म्हणजे तुमची वॉरंटी. आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दिसली तर हसून सोडून द्या. बिलात दुसरी मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

६. जोडणी

दुकानदार थोड्या मजुरीत, कधी फुकटही, जोडून देतात. घाबरत असाल तर तेच करा, पण समोर बसून. स्वतः करायचं असेल तर पहिल्यांदा तीन-चार तास हाताशी ठेवा.

साधनं: चुंबकी टोकाचा मध्यम फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, स्क्रूंसाठी वाटी, केबल टाय, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, आणि माहिती बघायला मोबाइल.

स्थिर वीज. सिंथेटिक कपडे घालून गालिच्यावर बसू नका. एसएमपीएस अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा, भिंतीवरचं आणि त्याच्या मागचं बटण दोन्ही बंद ठेवा आणि अधूनमधून त्याच्या धातूला हात लावा. नळाला हात लावण्याचा जुना सल्ला आता चालत नाही. नव्या इमारतींतले पाइप प्लॅस्टिकचे असतात. बोर्ड ठेवायला त्याचा पुठ्ठ्याचा खोका वापरा. चंदेरी पिशवीच्या वर ठेवून कधीही सुरू करू नका, तिच्या बाहेरच्या बाजूतून वीज वाहू शकते.

पायरी १: प्रोसेसर. बोर्ड खोक्यावर ठेवा. एलजीए १७०० मध्ये दांडी उघडा, त्रिकोणी खूण जुळवा, प्रोसेसर सरळ वरून ठेवा. ढकलू नका. दांडी बंद करताना जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तो येणारच. काळं झाकण त्यावेळी आपोआप उडतं. सॉकेटमधल्या बारीक पिनांना बोट लागलं तर त्या वाकतात आणि वाकलेल्या पिनांचा बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. तो जोर न लावता आपल्या वजनाने बसायला हवा.

पायरी २: रॅम. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. दोन्ही टोकं टक् करून बसेपर्यंत दाबा. ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीमागे अर्धवट बसलेली रॅम फार वेळा असते.

पायरी ३: एम.२ एसएसडी. तिरकी घाला, खाली दाबा, स्क्रू लावा. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि बोर्डाच्या खोक्यात वेगळ्या पुडीत येतो. खोका फेकण्याआधी पुडी शोधा.

पायरी ४: कूलर. बॉक्समधल्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी लावू नका. वेगळा कूलर असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढा. ती तशीच ठेवणारे कमी नाहीत. इंटेलच्या चार दाबपिना समोरासमोरच्या जोडीने दाबा, मग बोर्ड उलटून चारही टोकं मागून बाहेर आलीत का बघा. तीनच बसल्या असतील तर पीसी सुरू होतो आणि दहा मिनिटांत तापून मंदावतो. एएमडीच्या स्क्रूवाल्या कूलरचे चारही स्क्रू थोडे-थोडे, आलटूनपालटून आवळा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच. पुढे कधी एएम४ चा कूलर काढायचा झाला तर आधी पीसी पाच-दहा मिनिटं चालवा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच पिळून सोडवा. थंड पेस्टवर सरळ ओढला तर प्रोसेसरही सोबत उपटून येतो.

पायरी ५: खोक्यावरच चाचणी. बोर्डाला २४ पिनी आणि प्रोसेसरची ८ पिनी केबल लावा, मॉनिटर जोडा, बटणं चालू करा आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. पडद्यावर काही आलं म्हणजे मुख्य भाग शाबूत. प्रोसेसर ‘एफ’वाला असेल तर कार्ड लावल्याशिवाय ही चाचणी होणार नाही. हे न करता सगळं कॅबिनेटमध्ये कोंबलं आणि मग चाललं नाही, तर सगळं परत काढावं लागतं.

पायरी ६: कॅबिनेट. मागची पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी सुटी असेल तर बोर्डाआधी ती बसवा. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंटे) जिथे बोर्डाला भोक आहे तिथेच हवेत. जास्तीचा एखादा राहिला तर बोर्डाच्या मागच्या सांध्यांना टेकून शॉर्ट होतो. स्क्रू बसले की थांबा, आवळत राहू नका.

पायरी ७: केबल. प्रोसेसरची ८ पिनी ४+४ अशी फुटते, ग्राफिक कार्डाची ६+२. आकार सारखे वाटतात, पण एकमेकांच्या जागी जोराने घालू नका. मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच केबल. दुसऱ्या मॉडेलची केबल बसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते. समोरच्या बटणांच्या पिना बहुतेक बोर्डांवर खालच्या उजव्या कोपऱ्यात: एका रांगेत १-३ डिस्कचा दिवा, ५-७ रीसेट, दुसऱ्या रांगेत २-४ पॉवरचा दिवा, ६-८ पॉवर स्विच. तरी बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र बघा. दिव्यांना अधिक-उणे असतं, स्विचना नाही. यूएसबी ३ चा १९ पिनी प्लग सरळ दाबा. तिरका गेला तर पिन वाकते.

पायरी ८: ग्राफिक कार्ड प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटमध्ये, मागे दोन स्क्रू. मॉनिटरची केबल आता कार्डाला, बोर्डाला नव्हे. नवीन कार्ड घेऊनही ‘गेम अडकतो’ म्हणणाऱ्यांची केबल आधी तपासावी.

७. सुरू केल्यावर

डीडीआर५ असेल, विशेषतः एएम५, तर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. घाबरून बटण दाबू नका, दहा-पंधरा मिनिटं द्या. त्यानंतरही काही नाही, तर बोर्डावरचे छोटे दिवे बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो अडकून राहिला तिथे घोळ. डीरॅमचा असेल तर एकच पट्टी ठेवून बघा. तरीही नाही, तर प्लग काढून बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात.

बायोसमध्ये दोनच कामं. रॅमसाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर ३२०० ची डीडीआर४ बहुतेक २१३३ ते २६६६ मध्येच चालते आणि ६००० ची डीडीआर५ सहसा ४८०० वर. आणि प्रोसेसरचं तापमान दोन मिनिटं बघा. काहीही न करता ते नव्वदीकडे चढत असेल तर बंद करा आणि कूलर पुन्हा बसवा.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलर घ्या. बोर्डाचा लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हमध्ये आधीच ठेवा. विंडोज ११ सेटअपमध्येच इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडतं. ओईएम (मशीनसोबत येणारं) लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेलं असतं, रिटेल (सुटं विकत घेतलेलं) दुसऱ्या मशीनवर नेता येतं. पाचशे रुपयांच्या ‘लाइफटाइम की’चा यात हिशेबच धरू नका. पैसे नसतील तर लिनक्स मिंट किंवा उबंटू फुकट आहे आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात आहे.

मग पहिल्याच आठवड्यात मशीनला ताण द्या: मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं) रात्रभर, ओसीसीटी (प्रोसेसर आणि कार्डावर ताण टाकणारं) अर्धा तास, क्रिस्टलडिस्कइन्फो एकदा. सुरुवातीच्या दिवसांत दुकानदार बरेचदा भाग लगेच बदलून देतात, ती मुदत खरेदीच्या वेळीच विचारा. ती संपली की भाग सर्व्हिस सेंटरला जातो आणि तुम्ही वाट बघत बसता.

८. घरातली वीज

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर लुकलुकतो, ही पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत नेहमीची तक्रार. पीसी बिघडलेला नसतो, अर्थिंग नसतं. एसएमपीएसमधला फिल्टर थोडीशी गळती अर्थला सोडतो. अर्थच नसेल तर तीच पत्र्यावर येते, मोजली तर ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी असतो, पण चालू मशीनला यूएसबी किंवा एचडीएमआय लावताना तो पोर्टमधून वाट काढू शकतो आणि खराखुरा बिघाड झाला तर पत्र्याचा झटका अडवायला काही उरत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजायला सांगा. पहिले दोन २३० च्या जवळ, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दोन पिनांचा ॲडॉप्टर लावून काम भागवू नका.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॉटचा. कार्ड नसलेल्या पीसीला आणि मॉनिटरला, काम सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो. ग्राफिक कार्ड असेल तर १००० व्हीएच्या पुढे जा. स्वस्त यूपीएसची वीज चौकोनी लहरींची असते. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढण्याची आतली रचना) असते, तिला जास्त लोडवर ही लहर चालत नाही, मग लाइट जाताच यूपीएस असूनही पीसी बंद पडतो. घेतल्यावर गेम किंवा ओसीसीटी चालू ठेवून भिंतीचं बटण एकदा बंद करून बघा, मगच त्याचा खोका माळ्यावर टाका. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका. आणि बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, तेव्हा नवा यूपीएस न घेता फक्त १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी बदला.